शाखांतर आणि अंतर्गत वास्तुरचना : पूर्वानुभवाविना येणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार

बीजसंज्ञा : शाखांतर, अंतर्गत वास्तुरचना, पायाभूत वर्ष, प्रवेशपात्रता, मोजमाप

प्रस्तावना

वाणिज्य, विज्ञान किंवा अभियांत्रिकी शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा विद्यार्थी 'मला इंटिरिअर शिकायचे आहे' असे घरी सांगतो, तेव्हा त्याला सहसा दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, 'तुला चित्र कुठे काढता येते?' आणि दुसरा, 'झालेल्या दोन वर्षांचे काय?' घरातील चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नावरच अडून राहते. विद्यार्थीही त्यालाच अधिक घाबरतो, कारण शाळेनंतर त्याने हातात ब्रश धरलेला नसतो. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर या विषयाच्या शिक्षणपद्धतीतच दिलेले आहे. दुसरा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. वय, प्रवेशपात्रता आणि वर्षांचा हिशेब यांच्याशी तो बांधलेला आहे, आणि तो हिशेब चुकला तर त्याची किंमत मोठी असते. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा, मुख्यतः महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने, विचार केला आहे.

विषयाचे स्वरूप

मराठीत या विषयाला अद्याप एक स्थिर नाव लाभलेले नाही. 'गृहसजावट' म्हटले की पडदे आणि उशांचे अभ्रे डोळ्यांसमोर येतात. 'वास्तुशास्त्र' म्हटले की दिशा आणि दोष. अंतर्गत वास्तुरचना या दोहोंहून वेगळी आहे. उभ्या असलेल्या इमारतीच्या आतील अवकाशाची नव्या उपयोगासाठी केलेली पुनर्रचना असे तिचे स्थूलमानाने वर्णन करता येईल. कोणती भिंत काढता येईल व कोणतीवर वरच्या मजल्याचा भार आहे, पाण्याच्या व विजेच्या नळ्या कोठून जातील, उजेड किती आत पोहोचेल आणि आग लागल्यास माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील, हे प्रश्न तिच्या कक्षेत येतात. रंगसंगतीचा विचार त्यानंतरचा. इटलीतील व्हेरोना येथील कास्तेलवेक्किओ या मध्ययुगीन किल्ल्याचे कार्लो स्कार्पा याने १९५६ पासून संग्रहालय म्हणून जे पुनर्रचन केले, ते या विद्याशाखेत आजही अभ्यासले जाते. जुनी भिंत आणि नवी फरशी यांत त्याने जाणीवपूर्वक फट ठेवली, म्हणजे जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते हे पाहणाऱ्यास कळावे.

विषयाचे गांभीर्य समजण्यासाठी मात्र इटलीपर्यंत जाण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरणगावात बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारांत कार्यालये व उपाहारगृहे आली. २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. छतासाठी कोणते साहित्य वापरले, बाहेर पडण्याची वाट मोकळी होती की नाही, हे अशा वेळी सौंदर्याचे प्रश्न उरत नाहीत. 'आवड आहे' एवढ्या भांडवलावर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने ही बाजू प्रथम ध्यानात घ्यावी.

नावाशी कायदाही निगडित आहे. भारतात वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिलेल्या निर्णयानुसार या अधिनियमाचे कलम ३७ उपाधीला संरक्षण देते. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला तत्सम काम करण्यास ते मज्जाव करीत नाही. जर्मनीत 'अंतर्गत वास्तुविशारद' ही स्वतंत्र संरक्षित उपाधी असून त्यासाठी तेथील राज्यांच्या वास्तुविशारद मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे अंतर्गत रचनेची पदवी घेतलेल्याने दारावरच्या पाटीवर 'आर्किटेक्ट' हा शब्द, मग त्याआधी 'इंटिरिअर' लावलेले असले तरी, लिहिणे जोखमीचे ठरते. ही पाटीच ज्याचे ध्येय आहे, त्याच्यासाठी पाच वर्षांच्या बी.आर्क. पदवीला पर्याय नाही, आणि त्या प्रवेशासाठी बारावीला गणित असणे आवश्यक आहे. गणित सोडलेल्या कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा तो मार्ग तेथेच बंद होतो.

पायाभूत वर्षाची कल्पना

पूर्वानुभव नसणे हे या शिक्षणात न्यून मानावे काय? या शिक्षणाचा इतिहास वेगळेच सांगतो. १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस ही संस्था स्थापन झाली. तेथे योहानेस इटेन याने एक प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने आधी काय शिकले आहे हे बाजूला ठेवून कागद, लाकूड, काच, पोत, छायाप्रकाश यांच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी, अशी त्यामागील भूमिका होती. किंबहुना आधीचे शिक्षण विसरायला लावणे हाच त्याचा हेतू होता. चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था सुरू झाली, आणि तिच्या पदवी अभ्यासक्रमातही पायाभूत वर्षाला स्थान मिळाले. आज देशातील बहुतेक अभिकल्प संस्थांत पहिले वर्ष अशाच स्वरूपाचे असते. म्हणजे ज्याला काही येत नाही त्याच्यासाठीच हे वर्ष योजलेले आहे. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना पहिल्या काही आठवड्यांत थोडी आघाडी मिळते, हे मान्य करावे लागेल. परंतु सुरेख निसर्गचित्र काढणाऱ्या हाताला छेदचित्र आपोआप येत नाही.

अनुभवाविना यशस्वी झालेल्यांची उदाहरणे या संदर्भात नेहमी दिली जातात. सुनीता कोहली यांनी इंग्रजी साहित्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले होते. पुढे राष्ट्रपती भवनाच्या अंतर्भागाच्या जीर्णोद्धाराचे काम त्यांनी केले व १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तादाओ आंदो या जपानी वास्तुविशारदाने महाविद्यालयीन शिक्षण न घेता १९९५ चा प्रित्झकर पुरस्कार मिळवला. ही उदाहरणे स्फूर्तिदायक असली तरी शाखांतर करणाऱ्याच्या कामाची फारशी नाहीत. या व्यक्तींनी पदवी बदलली नाही, पदवीला वळसा घातला. वर्गात बसून पदवी घेऊ इच्छिणाऱ्यासमोरील अडचणी निराळ्या आहेत.

मोजण्याची सवय

मग पहिल्या वर्षी नेमके काय आत्मसात करावे लागते? चित्रकलेपेक्षा मोजण्याची सवय, असे त्याचे उत्तर देता येईल. दहा फूट बाय बारा फुटांची खोली १:५० या प्रमाणात काढली तर कागदावर ती साधारण ६.१ बाय ७.३ सेंटिमीटर भरते. तेवढ्या आयतात पलंग, कपाट आणि दाराची झडप बसवताना नवख्या विद्यार्थ्याच्या प्रथमच ध्यानात येते की दारही जागा खाते. ९०० मिलिमीटर रुंदीचे दार उघडताना जो पाव वर्तुळ व्यापते, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौरस मीटर होते. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीसाठी किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर सांगितले आहे. अशा खोलीचा जवळजवळ पंधरावा हिस्सा केवळ दार उघडण्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. या हिशेबाला कलेची उपजत देणगी लागत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो उलट सोपा जावा.

जिन्याचेही तसेच आहे. त्याच संहितेनुसार निवासी इमारतीत पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि पाऊल ठेवण्याची रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. हा आकडा पाठ करणे सोपे. तथापि गुडघेदुखी असलेली आजी जुन्या चाळीचा जिना चढताना कोणत्या पायरीवर थांबते, कठड्याला कोठे धरते, हे पाहिलेल्या विद्यार्थ्यालाच त्या आकड्याचा अर्थ कळतो. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची घरातील कोणत्या व्यक्तीच्या मापाने ठरली आणि प्रत्यक्षात तेथे कोण उभे राहते, हाही पाहण्याजोगा विषय आहे.

प्रवेशासाठी मागितल्या जाणाऱ्या कार्यसंग्रहाकडेही (याला सर्रास 'पोर्टफोलिओ' म्हटले जाते) याच दृष्टीने पाहावे. अनुभव नसलेले विद्यार्थी बहुधा छायाचित्रांवरून काढलेले चेहरे किंवा संगणकावर बनवलेली चकचकीत दिवाणखान्याची चित्रे जोडतात. त्याऐवजी स्वतःच्या घराचे फितीने मोजून काढलेले तलचित्र, एक छेदचित्र, दिवसाच्या तीन वेळी खोलीत उजेड कोठे पडतो याची नोंद, आणि एखादी मोडकी खुर्ची सोडवून तिचे सांधे कसे बसवले आहेत याचे रेखाटन, एवढे दिले तरी परीक्षकाला अर्जदाराची नजर कळते. चुकलेले मापही खोडून न टाकता दुरुस्तीसह ठेवावे. संगणकीय प्रणाली पुढे शिकता येतात. त्यांच्या शिकवणीवर प्रवेशापूर्वी पैसे खर्च करण्याची घाई नको. तेच दोन महिने एखाद्या सुतारकामाच्या जागेवर काढले, प्लायवूडचा आठ फूट बाय चार फुटांचा तक्ता कसा कापला तर वाया कमी जातो हे पाहिले, तर त्याचा उपयोग अधिक. पुष्कळांचे शाखांतराचे वेड या दोन महिन्यांतच उतरते, आणि तसे झाले तर तेही स्वस्तात सुटणेच म्हणावे लागेल.

वर्षांचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. एका पदवीची दोन वर्षे झाल्यावर नव्या अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षात बसता येईल, अशी आशा बहुतेकांना असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर २०२१ साली आलेली श्रेयांक पेढीची योजना यांमुळे ती बळावली आहे. पण भाषा, पर्यावरण यांसारख्या सामान्य विषयांचे श्रेयांक एखाद्या विद्यापीठाने मान्य केले तरी स्टुडिओचे श्रेयांक त्यांतून निर्माण होत नाहीत. प्रत्येक सत्राचा स्टुडिओ आधीच्या सत्रावर उभा असतो. पहिला मजला वगळून दुसरा बांधता येत नाही. शाखांतर करणाऱ्याने आपण पहिल्या वर्षापासून आरंभ करणार असे गृहीत धरूनच चालावे.

शिवाय काही दारे वयाने बंद होतात. आय.आय.टी. व अन्य संस्थांच्या बी.डेस. प्रवेशासाठी २०१५ पासून होणारी यूसीड परीक्षा बारावी त्याच वर्षी देणाऱ्यांना किंवा आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांनाच खुली असते. दोन वर्षे दुसरीकडे शिकलेला विद्यार्थी तिच्यासाठी अपात्र ठरतो. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या पदवी प्रवेशालाही वयोमर्यादा आहे. खाजगी विद्यापीठे व स्वायत्त संस्था या बाबतीत सैल असतात, परंतु त्यांचे शुल्क सैल नसते.

समजा, बी.कॉम.चे दुसरे वर्ष नुकतेच संपले आहे. आत्ताच सोडून चार वर्षांची अभिकल्प पदवी घेतली तर आणखी चार वर्षे लागतील आणि हाती एकच पदवी येईल. एक वर्ष थांबून बी.कॉम. पूर्ण केले व त्यानंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला तर तीन वर्षांत दोन पदव्या होतील. कागदावर दुसरा मार्ग सरस दिसतो. त्यात मेख अशी की अंतर्गत रचनेच्या पुष्कळ पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वास्तुकला वा अभिकल्प यांतील पदवीच लागते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेणारे अभ्यासक्रम थोडे असतात, आणि पायाभूत वर्षात हळूहळू मुरणारी गोष्ट तेथे काही महिन्यांत उरकावी लागते. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, काही विद्यापीठांनी अन्य शाखांतील पदवीधरांसाठी सुमारे तीन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर मार्ग ठेवला आहे. हे अधिकचे वर्ष म्हणजे पायाभूत वर्षच होय. आपल्याकडील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ते कोठे भरून काढले जाते, हे अर्ज करण्यापूर्वी त्या संस्थेला विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास चार वर्षांचा लांबचा रस्ता अधिक प्रामाणिक समजावा.

एक मधला मार्गही उपलब्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली; त्यांपैकी एक दूरस्थ पद्धतीने करता येतो. अभिकल्पाचे पहिले वर्ष करीत असतानाच वाणिज्य वा कला शाखेची पदवी दूरस्थ पद्धतीने पूर्ण करणे त्यामुळे तत्त्वतः शक्य झाले आहे. मात्र चालू पदवी नियमित पद्धतीतून दूरस्थ पद्धतीत वळवता येईल का, हे त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून राहील, आणि ते प्रवेश रद्द करण्याआधी लेखी विचारून घ्यावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा मार्ग लागू पडत नाही. त्याच्यासाठी तिसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची अंतिम तारीख हीच निर्णयाची खरी तारीख असते, आणि सुतारकामाच्या जागेवरील ते दोन महिने त्या तारखेच्या आधीच्या उन्हाळी सुट्टीत बसवावे लागतात.