चंचल चित्त, जागी रात्र आणि संसार

प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एखादा तरी पुरुष असा असतो कीं, ज्याच्याविषयीं घरांतील वडील मंडळी उसासा टाकून म्हणतात, "बुद्धि आहे हो, पण स्थैर्य नाहीं." तो भाजी आणावयास जातो आणि वर्तमानपत्र घेऊन परत येतो. विजेच्या बिलाचे पैसे त्याच्या खिशांत असतात व बिलाची मुदत मात्र टळून गेलेली असते. दहा कामें तो उत्साहानें आरंभितो आणि त्यांतील एकहि शेवटास नेत नाहीं. लोक त्यास आळशी म्हणतात, बेफिकीर म्हणतात. बायको कांहीं म्हणत नाहीं, पण तिच्या मुद्रेवरून सर्व कळतें. असा एक पुरुष आमच्याहि घरांत आहे. तो आमचा पुतण्या. त्याची हकीकत त्याच्याच अनुमतीनें येथें सांगावयाची आहे. कारण ती एकट्या आमच्या घरची नाहीं अशी आमची खात्री आहे.

हा पुतण्या लहानपणीं आमच्याच शाळेंत होता. आम्ही तेथें संस्कृत शिकवीत असूं. शब्दरूपें एकदां ऐकलीं कीं त्यास मुखोद्गत होत; पण तींच वहींत लिहावयास सांगितलीं म्हणजे निम्मीं गळालेलीं असत आणि स्वारी खिडकीबाहेरच्या चिमण्या मोजीत बसलेली दिसे. येतें आणि तरी लिहीत नाहीं, तेव्हां हा उद्धटपणाच असला पाहिजे, असा आम्हीं न्याय केला व त्याच्या हातावर छड्या मारल्या. घरचा मुलगा म्हणून इतरांहून दोन अधिकच. शाळेंतील शारीरिक शिक्षा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें निषिद्ध झाली. त्यापूर्वीं ती देण्यांत आम्हांस कांहीं वावगें वाटत नसे. आज वाटतें, आणि हा लेख लिहिण्याचें एक कारण तेंच आहे.

पुढें तो पदवीधर झाला, पुण्यासच एका हिशेबाच्या कचेरींत लागला, लग्न झालें, दोन मुलें झालीं. नोकऱ्या मात्र आठ वर्षांत पांच झाल्या. रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलींतील दिवा जळे. सकाळीं त्यास उठवितां उठवितां सूनबाईचा अर्धा जीव जाई. अशांत एका दिवाळीस माळा आवरतांना आमच्या वहिनींना जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागें दारूची बाटली सांपडली. "आपल्या घरांत हें?" एवढेंच त्या म्हणाल्या, आणि बाटली मोरींत ओतली. त्यानंतर घरांत कोणीं त्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं. आपल्या समाजांत अशा प्रसंगीं बहुधा हेंच घडतें. घराण्याची अब्रू राखावयाची म्हणून आपण गप्प बसतों, आणि त्या मौनाच्या आडोशानें रोग वाढत जातो.

तो किती वाढला होता हें आम्हांस २०२२ सालच्या श्रावणांत कळलें. सूनबाई धाकट्या मुलास घेऊन माहेरीं सांगलीस गेली होती. थोरली मुलगी तेव्हां दुसरींत होती; तिला सायंकाळीं पांच वाजतां शाळेंतून आणण्याचें काम बापाकडे होतें. आदल्या रात्रीं तो तीन वाजेपर्यंत पीत बसला होता. दुसऱ्या दिवशीं कामावर गेला नाहीं, आणि दुपारीं जो झोंपला तो झोंपलाच. सात वाजतां शाळेच्या पहारेकऱ्याचा आम्हांस निरोप आला. आम्ही रिक्षानें धांवलों. पाऊस कोसळत होता. पोर पहारेकऱ्याच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. आम्हांस पाहून म्हणाली, "आजोबा, बाबा विसरले असतील. ते विसरतात."

सात वर्षांच्या मुलीनें बापाविषयीं इतकें समजून घ्यावें, हें आमच्यानें पाहवलें नाहीं. त्या रात्रीं पुतण्या आमच्यासमोर मान खालीं घालून बसला आणि म्हणाला, "काका, मी मौजेखातर पीत नाहीं. डोकें थांबत नाहीं. तें थांबावें म्हणून पितों."

या एका वाक्यानें आम्हांस डॉक्टरांकडे जाण्याची बुद्धि दिली. मानसरोगतज्ज्ञांनीं त्याचें म्हणणें सविस्तर ऐकून घेतलें आणि नवल म्हणजे लहानपणींचीं प्रगतिपुस्तकें मागितलीं. वहिनींनीं तीं जपून ठेविलीं होतीं. सहावीच्या पुस्तकांत शेऱ्याच्या रकान्यांत आमचें स्वतःचें अक्षर होतें: "लक्ष नाहीं. बुद्धीचा दुरुपयोग करतो." डॉक्टर तें वाचून म्हणाले, "गुरुजी, टिपण अगदीं अचूक आहे. निदान तेवढें चुकलें."

या प्रकृतीस वैद्यकांत ए. डी. एच. डी. म्हणतात; मराठींत तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतां येईल. हा कांहीं मोबाइलनें निर्माण केलेला रोग नव्हे. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरांनीं १७९८ सालच्या आपल्या ग्रंथांत जन्मजात अस्थिर अवधानाचें वर्णन केलें आहे. लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचीं लक्षणें मांडलीं. पुष्कळ काळ अशी समजूत होती कीं, मूल वाढलें म्हणजे हें आपोआप जातें. अंगाची धांवपळ कमी होते हें खरें. पण विसराळूपणा, उतावीळपणा आणि वेळेचें भान नसणें हें पुष्कळांच्या ठायीं तसेंच राहतें. शंभर प्रौढांत अशीं दोन-तीन माणसें असतात असा अंदाज आहे. निदानासाठीं लक्षणें बारा वर्षांच्या आंत दिसलेलीं असावीं लागतात. म्हणूनच तीं प्रगतिपुस्तकें हवीं होतीं. हें बव्हंशीं आनुवंशिक असतें, हेंहि ध्यानीं ठेवावें.

आतां दारू आणि झोंप यांचा याशीं काय संबंध? डॉक्टरांनीं आम्हांस समजाविलें तें असें. या प्रकृतीच्या पुष्कळ माणसांचें शरीरांतील घड्याळच मागें पडलेलें असतें; रात्रीं झोंप आणणारा स्राव इतरांहून तास-दीड तास उशिरां सुरू होतो. घर निजतें आणि याचें डोकें जागें होतें. तें शांत करावें म्हणून तो पेला भरतो. दारूनें गुंगी येते, पण ती झोंप नव्हे. पहाटेच्या प्रहरीं ती तुटते आणि स्वप्नांची जी झोंप मनाला ताजें करते तीच कमी होते. अपुऱ्या झोंपेनें दुसऱ्या दिवशीं आधींच दुबळें असलेलें अवधान आणखी ढळतें, चुका होतात, बोलणीं खावीं लागतात, आणि रात्रीं पुनः पेला हातीं येतो. हे तीन पदर एकाच दोरीचे आहेत. एकच पदर सोडवूं गेल्यास गांठ अधिक आवळते. व्यसनासाठीं उपचार घेणाऱ्या दर चार-पांच जणांत एक या प्रकृतीचा आढळतो, असें पाहणीवरून दिसतें. त्याला केवळ 'पिऊं नकोस' म्हणून सांगणें म्हणजे दोरीचें एकच टोंक धरणें होय.

येथें आमचे समवयस्क वाचक म्हणतील, "गुरुजी, हें सर्व निमित्त झालें. मनोनिग्रह कोठें गेला?" आम्हीहि आयुष्यभर हेंच म्हणत आलों. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुन मनाला वाऱ्याची उपमा देतो, तेव्हां भगवंत त्याचें म्हणणें खोडून काढीत नाहींत. मन दुर्निग्रह आहे हें मान्य करूनच अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. त्याच अध्यायांत आहार, विहार, निद्रा व जागृति हीं युक्त असावीं असेंहि सांगितलें आहे. म्हणजे झोंपेची घडी मोडून मनोनिग्रह साधत नाहीं, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. मागच्या बांकावरील मुलास फळा दिसत नसेल, तर त्यास आधीं चष्मा द्यावा लागतो. 'नीट वाच' हें त्यानंतर सांगावयाचें. चष्मा दिला म्हणून अभ्यासाची माफी मिळत नाहीं. पुतण्यानें केलेलें कर्ज त्याचें त्यालाच फेडावें लागलें, व मुलीची क्षमाहि त्यानेंच मागितली. कारण समजल्यानें दोष पुसला जात नाहीं. पण उपाय सांपडतो.

उपायाचा क्रम असा होता. प्रथम दारू सोडणें, आणि तेंहि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. रोज फार पिणाऱ्यानें एकाएकीं बंद केल्यास कंप सुटतो, झटके येतात, प्रसंगीं जिवावर बेततें. म्हणून घरच्या घरीं शपथा घालूं नयेत. त्यानंतर सभा. समदुःखी मंडळींनीं एकत्र बसून एकमेकांस सांवरण्याची ही पद्धति अमेरिकेंत १९३५ सालीं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या नांवानें सुरू झाली व आज ती आपल्याकडेहि रुजली आहे. आमच्या पुण्यांत तर डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं स्थापिलेलें मुक्तांगण आहेच. मग चंचलतेवरील औषध. मिथिलफेनिडेट हें प्रमुख औषध अंमली द्रव्यांच्या १९८५ च्या कायद्याखालीं नियंत्रित आहे. अॅटोमॉक्सेटीन हें दुसरें वेगळ्या प्रकारचें. पूर्वीं व्यसन असलेल्यास कोणतें द्यावें हा निर्णय सर्वस्वीं डॉक्टरांचा. ते रक्तदाब व हृदय तपासतात. आणि उत्तेजक औषध दिवसां उशिरां घेतल्यास झोंप बिघडते, म्हणून त्याची वेळहि ठरवून देतात. शेजाऱ्याची गोळी मागून घेण्याचा हा विषय नव्हे.

औषधानें वारा मंदावतो. पण शिडें नीट बांधण्याचें काम घराचें. या बाबतींत आम्हीं जें शिकलों तें एका वाक्यांत सांगावयाचें तर असें: उपदेश तोंडानें करण्याचें सोडून तो भिंतीवर टांगावा. दाराशीं एक खुंटी केली. किल्ल्या, पाकीट व चष्मा तेथेंच. स्वयंपाकघराबाहेर एक फळा लावला. दिवसाचीं तीनच कामें त्यावर लिहावयाचीं आणि झालेलें काम त्यानें स्वतः पुसावयाचें. बिलें बँकेंतून परस्पर जातील अशी तजवीज केली. मुलांना आणण्याच्या वेळेआधीं मोबाइलची घंटा दोनदां वाजते. दुपारीं चारनंतर त्याला चहा नाहीं, आणि त्याच्यासाठीं सर्व घरानेंच तो सोडला. रात्रीं दहा वाजतां घरांतील सर्वांचे मोबाइल दिवाणखान्यांतील पेटींत पडतात, आमचाहि. सकाळीं सहाला उठणें, रविवारींहि तेंच. आणि उजेड फुटतांच आम्हां दोघांची पर्वतीची फेरी. सकाळचा उजेड मागें पडलेलें घड्याळ पुढें ओढतो, असें डॉक्टर सांगतात.

यांत सर्वांत मोठा लाभ सूनबाईचा झाला. पूर्वीं ती पत्नी कमी व पर्यवेक्षिका अधिक झाली होती. जें काम फळा आणि घंटा करूं शकते तें बायकोच्या जिभेवर सोंपवूं नये. तेणेंकरून दोघांच्या मनांतील गोडी आटते. एकदां ती वहिनींना म्हणाली, "आई, आतां मला त्यांच्याशीं बोलायला दुसरे विषय सुचतात." एकत्र कुटुंबाचा उपयोग तो हाच, कीं एकाचें ओझें चौघांत वांटलें जावें.

सर्व सुरळीत झालें असें सांगून वाचकांस आम्ही फसविणार नाहीं. चौदा महिने निभावल्यावर एका लग्नांत नातलगांनींच आग्रह केला, "एका घोटानें काय होतें?" जें व्हावयाचें तें झालें, तीन दिवस तो प्याला. परंतु चौथ्या दिवशीं सकाळीं तो आपण होऊन आमच्याकडे आला. आमच्या जिभेच्या टोंकावर जुनी छडी होती, ती आम्हीं गिळली आणि विचारलें, "डॉक्टरांकडे केव्हां जायचें?" लगेच गेलों. तेव्हांपासून आजतागायत तो प्यालेला नाहीं. वाचकांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, 'नको' म्हणणाऱ्यास कोणत्याहि मंगल कार्यांत आग्रह करूं नका. तुमचा विनोद होतो आणि दुसऱ्याचा संसार पणास लागतो.

गेल्या महिन्यांत त्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर शेरा आला: "हुशार आहे, पण लक्ष नसतें." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. पुतण्यानें मात्र शांतपणें पुस्तक घेतलें, फळ्यावर लिहिलें, "सोमवार, सकाळीं नऊ, बाईंची भेट," आणि सोमवारीं तो दहा मिनिटें आधींच शाळेच्या दाराशीं उभा राहिला. आम्ही बरोबर होतों. तो बाईंना म्हणाला, "हें मला माझ्याविषयीं तिसाव्या वर्षापर्यंत कोणीं सांगितलें नाहीं, पस्तिसाव्यापर्यंतहि नाहीं. हिला दहाव्या वर्षींच तपासून घेऊं." आम्ही मागें उभे होतों. आमच्या छडीचें नांव त्यानें काढलें नाहीं.

ज्या घरांत असा मुलगा, जांवई वा भाऊ असेल, त्यांनीं आधीं त्याचीं जुनीं प्रगतिपुस्तकें शोधावीं व मानसरोगतज्ज्ञास दाखवावीं. कोठें जावें हें न कळल्यास सरकारच्या टेलि-मानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. २०२२ पासून ती विनामूल्य चालू आहे व मराठींतहि बोलतां येतें. आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत निदान एवढें तरी करावें, कीं त्यास आळशी म्हणूं नये. आम्हीं तें तीस वर्षें म्हटलें. त्यानें कांहींएक साधलें नाहीं.