आपली मुलं 'बिग बॉस' का बघतात?

२८ जानेवारी २०२४ च्या रात्री 'बिग बॉस'चा सतरावा सीझन मुनव्वर फारुकीने जिंकला. मूळचा जुनागढचा आणि डोंगरीत राहिलेला हा तरुण ट्रॉफी घेऊन मोहल्ल्यात आला, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या वर्षभर आधी पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन, म्हणजे अल्ताफ, जिंकला होता. दुसरा आला होता अमरावतीचा शिव ठाकरे. आम्ही शिक्षक मंडळी स्टाफरूममध्ये नाकं मुरडत होतो, पण मधल्या सुट्टीत मुलांना दुसरा विषय नव्हता. तेव्हा हे एवढं आवडतं का, ते आधी समजून घेऊ. रागवायचं नंतर बघू.

हा खेळ मूळचा आपल्याकडचा नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्सला 'बिग ब्रदर' नावाने तो सुरू झाला. हिंदीत २००६ ला आला, तेव्हा सूत्रसंचालक होता अर्शद वारसी. सलमान खान आला २०१० ला. मराठीत २०१८ पासून, महेश मांजरेकरांसोबत.

घराची रचनाच बघा. मोबाइल नाही, घड्याळ नाही, पेपर नाही, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही. रेशन मोजकं. शिवाय बाहेर कुणी जावं, याची नावं घरातल्यांनीच एकमेकांविरुद्ध द्यायची. अशा घरात भांडण होणार नाही तर काय होणार? आपल्याकडे लग्नघरी चार दिवस पाहुणे एकत्र राहिले की चहाच्या कपावरून रुसवे होतात, आणि तिथे तर कुणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही!

मग येतं एडिटिंग. कॅमेरे २४ तास चालू असतात, आपल्यापर्यंत येतो साधारण तासाभराचा एपिसोड. झोपणं, भांडी घासणं, गप्प बसणं बहुतेक गळून जातं. एकाचं वाक्य, दुसऱ्याचा चेहरा आणि मागे संगीत जोडलं की गोष्ट तयार. बघणारा सोफ्यावर बसून काझी होतो: हा खरा, ती नाटकी. वर मत द्यायची सोयही असते, म्हणजे आपल्या निकालाला वजन आहे असं वाटतं. पूर्वी एसएमएस होते, आता अ‍ॅप आहे. चॅनेललाही हे परवडतं, कारण पटकथेतल्या मालिकेसारखे रोज संवाद लिहून घ्यावे लागत नाहीत.

आपल्या घरांत आणखी एक कारण आहे, आणि ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टीव्हीवर आपल्यासारखी नावं एरवी कुठल्या बातम्यांत येतात, हे मुलांना कळतं. २०२१ च्या सुरुवातीला विनोदांवरून महिनाभर इंदूरच्या तुरुंगात राहिलेला मुनव्वर तीन वर्षांनी सगळ्या देशासमोर शायरी ऐकवतो, रडतो आणि मतांवर जिंकतो. ही मतं फक्त आपल्या मोहल्ल्यातली नसणार, हे मुलांनाही समजतं. तो आनंद खोटा नाही. 'हराम आहे, बंद कर' एवढंच बोलून आपण त्याला हात लावू शकत नाही.

पण त्याच सीझनमध्ये त्याच्या खासगी नात्यांची चिरफाडही झाली, आणि तीही तितक्याच चवीने पाहिली गेली. सूरह हुजुरातची बारावी आयत गुमान, तजस्सुस आणि गीबत तिन्हींपासून रोखते. कार्यक्रमाचा अर्धा मसाला या तिन्हींचाच आहे. घरातले मोठे जेवताना त्याच भांडणावर चर्चा करतात, मग मुलांना आयत सांगायची कुणी?

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. एका तासिकेत घडलेलं सगळं मुलांनी फळ्यावर लिहिलं. मग दोन गट केले आणि त्यातल्या फक्त पाच गोष्टी निवडायला सांगितल्या. एका गटाचा वर्ग निव्वळ गोंधळी निघाला, दुसऱ्याचा एकदम सालस. दोघांनी निवडलेल्या गोष्टी खऱ्याच होत्या. त्यानंतर नववीतली एक मुलगी सांगत होती की आता ती एपिसोड बघताना अम्मीला सारखं विचारते, "भांडण सुरू कशावरून झालं, ते दाखवलंच नाही ना?" अम्मी वैतागली आहे म्हणे.