रांजण आणि घडवंची

कुऱ्हाड उलटी धरली होती. चिंचेच्या बुंध्यावर धार पडत नव्हती, पडत होता तुंबा, पात्यामागचा बोथट लोखंडी भाग. टण्. वीतभर बाजूला, पुन्हा टण्. झाडाला निम्मा वळसा घालून आबा रस्त्याच्या अंगाला आले आणि आवाज बदलला. बद्द. त्यांनी खिशातून गेरूचा खडा काढला, त्या जागी फुली मारली आणि पुढे सरकले.

रहिमतपूरच्या बाहेर, रस्त्याकडेची ही चिंच. वळवाच्या वाऱ्यात तिची एक मोठी फांदी साल सोलत खाली आली होती आणि जखमेत माणसाचं डोकं आत जाईल एवढी ढोली उघडी पडली होती. ढोली दिसली की गावाचा निकाल ठरलेला असतो: झाड आतून संपलंय, तोडून मोकळे व्हा. चहाच्या गाड्यावर बसलेल्यांनी तो दोनदा सुनावला. आबांनी ऐकून घेतला. अख्खी हयात त्यांनी वखारीसाठी झाडं पाडली आहेत, त्यामुळे तोडायला काय लागतं ते त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

हे काम पाहायला जाण्यामागे दुसरंच झाड होतं. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता म्हणून 2020 मध्ये तो तुटणार होता. वय सांगतात 400 वर्षं. लोक आडवे उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं, रस्त्याची आखणी बदलली, वड वाचला. आणि पुढच्या काही वर्षांतच पावसात तो उन्मळून पडला. ज्या झाडासाठी महामार्ग वळला, ते जाणार हे आधी कळू शकलं असतं का, हा प्रश्न त्या बातमीनंतर डोक्यातून जाईना.

आबांच्या सोबत शेतकी पदवी घेतलेला एक तरुण होता. त्याच्याकडे टेप, गिरमिट आणि एक आकडा होता: दहात तीन. जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे क्लाऊस मॅथेक यांनी मोडलेली आणि टिकलेली शेकडो पोकळ झाडं मोजून हा आकडा मांडला. खोडाच्या मध्यापासून सालीपर्यंतचं अंतर दहा भाग धरलं, तर निदान तीन भाग निरोगी लाकडाची भिंत हवी. आतले सात भाग पोकळ असले तरी चालतं. ऐकायला अचाट वाटतं, पण सायकलची नळी असाच हिशेब सांगते. वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त बाहेरच्या थरावर येतो. मधले सात भाग गेले तरी वाकण्याविरुद्धची ताकद साधारण 24 टक्केच घटते. आठ भाग गेले तर 41 टक्के. नऊ गेले तर 66. म्हणजे धोका सावकाश चढत नाही, शेवटी शेवटी उडी मारतो. भिंत एका बाजूने फुटलेली असली तर हे गणित कोलमडतं, हेही तरुणाने लगेच सांगितलं.

चिंचेचा बुंधा चार फूट व्यासाचा. दहात तीन म्हणजे सव्वासात इंच. फुलीवर गिरमिट लावलं. आधी पिवळट, कोरडा भुसा आला. मग गर्द तपकिरी. नऊ इंचांवर गिरमिट एकदम आत धसलं आणि काळपट ओला चुरा बाहेर आला. आबांनी तो चिमटीत घेऊन नाकाशी नेला. भिजलेल्या तरटाचा वास.

‘‘नऊ,’’ तरुण म्हणाला.

‘‘रांजण पोकळच आसतुय की,’’ आबा म्हणाले. ‘‘पडतुया कवा? घडवंची मोडल्याव.’’

मोठ्या शहरांत हीच तपासणी यंत्राने होते. खोडाभोवती संवेदक लावून हातोडीने ठोकतात. कुजलेल्या भागाला वळसा घालून ध्वनीला उशीर लागतो आणि पडद्यावर खोडाचा रंगीत छेद उमटतो. कामाचं तत्त्व तुंब्याचंच. पण तुंबा काय आणि यंत्र काय, दोघंही खोडाबद्दल बोलतात. भोसेचा वड मोडला नव्हता, उन्मळला होता.

म्हणून आबा खाली बसले. इथे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बुंध्याशी अळंबी आहे का, लाखेसारखी चकाकणारी, फळीसारखी बाहेर आलेली? नव्हती. मातीला भेग? नव्हती. झाड कललेलं होतं, पण शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला. हा कल जुना, झाडाने सावरून घेतलेला. खोडासकट शेंडाही तिरका असता तर कल ताजा, आणि मग एक दिवसही थांबायचं नाही.

रस्त्याच्या बाजूला मात्र पाइपसाठी खणलेला चर बुजवलेला दिसला. माती उकरली तर मनगटाएवढी मुळी सपाट तुटलेली. जेसीबीचा दात. सळई टोचली, ती लोण्यात शिरावी तशी शिरली. पुन्हा तोच तरटाचा वास, या वेळी नाक जवळ न नेताही. झाडाच्या बहुतेक मुळ्या वरच्या दोन-तीन फुटांत पसरतात, त्यामुळे चर कुठलाही असो, कापतो त्या मुळ्याच. आणि पानं त्याची दाद लवकर देत नाहीत. झाड पुढची काही वर्षं हिरवंगार दिसू शकतं. ढोली बघून घाबरणारं गाव या चरावरून रोज जात होतं.

उरला फाटलेल्या फांदीचा प्रश्न. अमेरिकी वनखात्याचे ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून 1977 मध्ये दाखवलं की झाडाची जखम माणसासारखी भरत नाही; झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालतं आणि नवं लाकूड बाहेरून चढवतं. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडं असतं ते राखून कापलं तर ही भिंत नीट बनते. आपल्याकडे एक तर खोडाला घासून कापतात, नाही तर कोयत्याने हातभर खुंट सोडतात आणि वर डांबर फासतात. डांबराने कूज थांबत नाही. आबांनाही ते पटायला वेळ लागला, असं तरुण हसत म्हणाला. आबा हसले नाहीत.

कायद्याला हे बारकावे विचारायला हवेत. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्यात 1975 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीने पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तोडायला परवानगी लागते, हे ठीकच. पण मुळ्यांजवळून चर नेण्याआधी कुणी झाडाकडे बघत नाही.

झाड अमुक तारखेला पडेल, असं जाणकार सांगत नाही. तो तीन गोष्टी पाहतो: मोडण्याची शक्यता किती, मोडलं तर खाली कुणी असण्याची शक्यता किती, आणि असलं तर इजा केवढी. माळावरची पोकळ चिंच आणि चहाच्या गाड्यावरची पोकळ चिंच ही दोन वेगळी झाडं आहेत.

दुपारपर्यंत ठरलं. फाटलेली फांदी कडं राखून काढायची. रस्त्याकडचा शेंडा हलका करायचा, म्हणजे वाऱ्याची पकड आणि तरफ दोन्ही कमी. चराच्या बाजूला पुन्हा खणू द्यायचं नाही. चहावाल्याने कुरकुरत बाकडी पलीकडच्या अंगाला नेली.

शेवटी आबांनी गवंड्याचा ओळंबा काढला. बुंध्यावर डोक्याच्या उंचीला गेरूची खूण केली, तिथून दोरी सोडली आणि टोक जिथे थांबलं तिथे जमिनीत खुंटी ठोकली. प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्याच खुणेवरून ओळंबा सोडायचा. टोक खुंटीवर आलं तर चिंच राहील. रस्त्याकडे सरकलं, तर आबा कुऱ्हाड सुलटी धरणार आहेत.