जुनी चौकट, दुहेरी काच
एडिनबरोतल्या लाकडी खिडक्यांचा मागोवा

जुन्या दगडी घराच्या लाकडी खिडकीचं काय करायचं, हा वाद स्कॉटलंडची राजधानी एडिनबरोने बरीच वर्षं मनापासून घातला. १७६७च्या आराखड्यातून उभं राहिलेलं तिथलं न्यू टाउन आणि त्याच्याही आधीचं ओल्ड टाउन ही दोन्ही १९९५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. पण ही संग्रहालयं नाहीत, इथे माणसं राहतात. बाहेर बोचरा ओला वारा, भिंती जाड दगडाच्या आणि खिडकीत एकेरी काच. अशा काचेचं यू-मूल्य साधारण साडेपाच असतं. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक पडला की दर चौरस मीटरमधून साडेपाच वॉट उष्णता निघून जाते. वीस अंशांच्या फरकात दोन चौरस मीटरची एकच खिडकी २२० वॉट बाहेर टाकते, आणि दिवाणखान्यात अशा दोन-तीन खिडक्या असतात.

या खिडक्यांची बांधणी पाहिली की त्या फेकून देणाऱ्यांचा राग येतो. वर-खाली सरकणारी दोन तावदानं, चौकटीच्या पोकळीत दोरी आणि कप्पीवर लटकलेली लोखंडी वजनं, आणि छोट्या काचांमध्ये अगदी सडपातळ लाकडी पट्ट्या. लाकूड बहुधा बाल्टिक किनाऱ्यावरून आणलेलं, थंडीत सावकाश वाढलेल्या पाइनचं. त्यामुळेच ते दोन-दोन शतकं टिकलं. काच तोंडाने फुंकून घडवलेली, म्हणून तिच्यातून समोरची इमारत किंचित लहरताना दिसते. १९५९मध्ये ब्रिटिश काच कंपनी पिल्किंग्टनने फ्लोट काच जाहीर केली आणि नंतर सगळीकडे आरशासारखी सपाट काच आली. ती लहर त्या काचेत येत नाही.

दुहेरी काच ब्रिटनमध्ये घरोघरी पोचली ती मुख्यतः यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्यांतून. नेहमीचं दुहेरी तावदान चोवीस-अठ्ठावीस मिलिमीटर जाड. जुन्या लाकडातल्या खाचेत ते बसतच नाही, आणि बसवायचं तर पट्ट्या दुप्पट रुंद कराव्या लागतात. मग सोपा मार्ग म्हणून अख्खी चौकट उखडायची, प्लास्टिकची बसवायची आणि काचेवर वरून खोट्या पट्ट्या चिकटवायच्या. ज्या रस्त्यांवर हे झालं तिथल्या दर्शनी भिंतींचा चेहरा गेला. वारसा सांभाळणाऱ्यांचा दुहेरी काचेवर राग होता तो यामुळे, आणि तो रास्तच होता. पण थंडीत कुडकुडणाऱ्या रहिवाशाला ‘परवानगी नाही’ एवढंच सांगणंही पुरेसं नव्हतं.

ही कोंडी मोजमापाने फुटली, आणि या सगळ्या काळातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. वारसा सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक स्कॉटलंड या सरकारी संस्थेसाठी ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठात पॉल बेकर यांनी जुन्या खिडकीची तपासणी केली. २००८च्या त्या अहवालातले आकडे असे: जाड पडद्यांनी काचेतून जाणारी उष्णता १४ टक्क्यांनी घटते, नीट बसणाऱ्या लाकडी झडपांनी ५१ टक्क्यांनी, तर आतल्या बाजूने दुसरं स्वतंत्र तावदान लावलं तर ६३ टक्क्यांनी. म्हणजे ज्या झडपा पूर्वजांनी बसवल्या आणि नंतरच्या पिढ्यांनी रंगाचे थर देऊन कायमच्या बंद करून टाकल्या, त्या नुसत्या मोकळ्या केल्या तरी निम्मं काम होतं. दिवसा त्यांचा उपयोग नाही हे खरं. पण एडिनबरोत डिसेंबरचा दिवस जेमतेम सात तासांचा!

याच सुमारास बारीक दुहेरी काच पुढे आली. दोन काचांमध्ये चार ते सहा मिलिमीटरची पोकळी आणि तीत हवेऐवजी क्रिप्टॉन किंवा झेनॉन. हे वायू जड असतात आणि हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतात, म्हणून अरुंद पोकळीतही काम भागतं. एकूण जाडी दहा-बारा मिलिमीटर, त्यामुळे जुनी लाकडी चौकट ठेवता येते. चेंजवर्क्स आणि एडिनबरो वर्ल्ड हेरिटेज या संस्थांनी लॉरिस्टन प्लेसमधल्या जुन्या वारसा-इमारतीत वेगवेगळ्या प्रकारची अशी तावदानं बसवून पाहिली. २०१०मध्ये निष्कर्ष आले: काचेचं यू-मूल्य २.८ ते १.० एवढं खाली आलेलं. सर्वांत कमी आकडा निर्वात काचेचा. सिडनी विद्यापीठातल्या संशोधनातून निघून जपानमध्ये तयार होऊ लागलेल्या या काचेत पोकळी फक्त ०.२ मिलिमीटरची, आणि सगळी मिळून जाडी सव्वासहाच्या आत.

अडचणी नंतर कळत गेल्या. जुनी काच बसवतात ती जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेल्या लांबीने, आणि हे तेल तावदानाच्या कडेचं सील खाऊ शकतं. सील गेलं की वायू निसटतो, आत बाष्प धरतं, आणि ते पुसता येत नाही. बारा छोट्या काचांच्या खिडकीत बारा तावदानं, म्हणजे बाराही तावदानांच्या कडांतून उष्णता निसटणार. काचेचं वजन वाढतं, म्हणून आतली लोखंडी वजनंही बदलावी लागतात. शिवाय असं तावदान काही दशकांनी बदलावंच लागणार, तर साधी काच फुटेपर्यंत चालते.

माझा कौल असा: खिडकीत जुनी लहरती काच शिल्लक असेल तर तिला हात लावू नये, आतून दुसरं तावदान बसवावं. काच आधीच कधीतरी बदललेली असेल तर त्याच चौकटीत बारीक दुहेरी काच बसवायला माझी हरकत नाही.

ब्रिटनमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी वाचकांना एक विनंती. काचवाल्याच्या आधी सुताराला बोलवा. फटी बुजवून घ्या, झडपा मोकळ्या करा, मग उरलेल्या थंडीचा हिशेब मांडा. आणि घर संरक्षित (लिस्टेड) इमारतींच्या यादीत असेल तर आधी स्थानिक कौन्सिलकडे जा, कारण त्याचं स्वरूप पालटणारं काम परवानगीशिवाय करणं तिथे फौजदारी गुन्हा आहे.