वस्तू कामातून सुटते तेव्हा

आपण वस्तू पाहत नाही, तिचा उपयोग पाहतो. घड्याळ म्हटलं की वेळ! प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा साध्याच वस्तू आहेत. पण शेजारी टेबल नाही, भिंत नाही. भोवती मोकळी जागा. कामातून सुटलेली वस्तू मग नुसता आकार म्हणून समोर येते. 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकात त्यांनी चित्रामागचा स्वतःचा विचार मांडलाय, जरूर वाचा.

आणि रंग? पुष्कळ चित्रं इनॅमलमधली. म्हणजे आपल्याकडे ट्रॉलीच्या फाळक्यावर पेंटर मारतो तो ऑइल पेंट, बरं का!

इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि आपण गाड्या काढून बघायला जातो. पाण्यानं ते रोजच्या वापरातून काढून घेतलं, म्हणून नवं दिसतं. बाकी वस्तूंसाठी हे काम आपल्यालाच करावं लागतं. गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं एसटी अडकली की आपण वैतागतो. पुढच्या वेळी ट्रॉली कुठल्या कारखान्याची, हे जरा बाजूला ठेवा. उसाची कापलेली टोकं बघा: शेकडो गोल, एकासारखा दुसरा नाही. फोटो नको. तिकिटामागं पेननं दहा-बारा तरी काढा, गाडी हलेपर्यंत.