रत्नागिरीत बाया जास्त का?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेलो होतो. बचतीचा हिशेब आटोपला, चहा आला. ज्या घरी बैठक होती तिथली मुलगी आत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. ती मोठ्याने पाठ करत होती, "महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे सर्वांत जास्त स्त्रिया असलेला जिल्हा रत्नागिरी. २०११ च्या जनगणनेत ११२२." ओसरीवर बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "व माय! तिकडे त बाया माणसापेक्षा जास्त हायेत. पोरीची लय कदर असन तिकडे."

आम्हीही मान हलवली. नंतर बाकीचे आकडे पाहिले, तेव्हा कळलं की आमची मान चुकीची हलली होती. आज तेच सांगायचं आहे.

आधी हा जिल्हा कसा आहे ते पाहू. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी समुद्र पाहिलेला नाही. नकाशावर पाहिलं तर रत्नागिरी म्हणजे पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये उभी, चिंचोळी जमीन. उत्तरेला रायगड जिल्हा, दक्षिणेला सिंधुदुर्ग. सिंधुदुर्ग पूर्वी रत्नागिरीतच होता, १९८१ साली वेगळा झाला. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके. आपल्यासारखं सपाट, काळं शेत तिथे क्वचित दिसेल. डोंगर, उतार, दऱ्या आणि लाल जांभा दगड. उतारावर छोट्या छोट्या तुकड्यांत भात आणि नाचणी. बाकी आंबा, काजू, नारळ आणि किनाऱ्याला मासेमारी.

पाऊस आपल्या तिप्पट-चौपट. आपल्याकडे सपाटीवर वर्षाला सातशे ते नऊशे मिलिमीटर पडला की हंगाम साधला म्हणतो. तिथे तीन हजारांच्या वर पडतो. तरी उन्हाळ्यात तिथल्या कित्येक वाड्यांना टँकर लागतो. कारण जमीन उताराची, जांभा दगड सच्छिद्र आणि समुद्र जवळ. वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या नद्या सह्याद्रीतून निघतात आणि थोडक्या अंतरात खाडीला मिळतात. पाणी थांबतच नाही. म्हणून पाऊस भरपूर असूनही बहुतेकांचं एकच पीक, तेही घरापुरतं.

एका पिकावर घर चालत नाही. म्हणून तिथला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला. आधी कापडाच्या गिरण्यांत, गोदीत, मग दुकानांत आणि कंपन्यांत. गावाकडे मनिऑर्डर यायची आणि चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा. घर, शेत, गुरं, म्हातारे सासू-सासरे आणि लेकरं हे सगळं गावातल्या बाईवर.

आता काकूंच्या बोलण्याकडे येऊ. जनगणनेत माणूस जिथे राहत असतो तिथे मोजला जातो. रत्नागिरीचा पुरुष मुंबईत राहतो, तो मुंबईत मोजला गेला. त्याची बायको गावात मोजली गेली. म्हणून रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, आणि त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजारामागे फक्त ८३२. मुंबईत माणसं काही एकट्या रत्नागिरीतून आलेली नाहीत, देशभरातून आली आहेत. पण इथे कमी पडलेले पुरुष तिथे जास्त दिसतात, एवढं त्यातून समजतं.

मग मुलींची कदर किती, हे कुठे पाहायचं? सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांत. एवढी लहान मुलं नोकरीसाठी गाव सोडत नाहीत. रत्नागिरीत त्या वयात हजार मुलांमागे मुली साडेनऊशेच्याही खाली होत्या. म्हणजे पाळण्यात तिथेही मुली कमीच. मोठ्या वयात बाया जास्त दिसतात, कारण त्यांच्या बरोबरीचे पुरुष घरी नाहीत. एकच जिल्हा, एकच जनगणना, पण वय बदललं की अर्थ उलटा होतो.

आणखी एक आकडा. २००१ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९. दहा वर्षांत ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी झाली. साथ नाही, दुष्काळ नाही, तरी कमी झाली. आधी पुरुष एकटा जायचा, मग बायको-मुलांनाही नेऊ लागला, असं तिथली माणसं सांगतात. कोकणात बंद घरं दिसतात ती यामुळे.

आता आपल्याकडे वळू. त्याच दहा वर्षांत आपला अमरावती जिल्हा २६ लाखांवरून जवळपास २९ लाखांवर गेला, अकोला १६ लाखांवरून १८ लाखांवर. हजार पुरुषांमागे अमरावतीत ९५१ स्त्रिया, अकोल्यात ९४६. राज्याच्या ९२९ पेक्षा बरे. समुद्र आपल्याकडे नाही, पण दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना विहिरीचं खारट पाणी माहीत आहे. जमीन आणि पाणी माणसाला कुठे नेतात, हे आपल्याला कोकणाने शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे लोक जातात, पण वेगळ्या रीतीने. मेळघाटातली, धारणी-चिखलदऱ्याकडची कितीतरी कुटुंबं पिकं निघाली की कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. तिथे नवरा-बायको दोघंही जातात, लेकरंही सोबत. म्हणून हजारामागे किती स्त्रिया, या आकड्यात हे जाणं दिसतच नाही. कोकणातलं जाणं आकड्यात दिसलं, मेळघाटातलं लपलं.

हे आज का सांगतोय? २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ ची होते आहे, १ मार्च २०२७ ची स्थिती धरून. म्हणजे माणसांची मोजणी फेब्रुवारीत, आणि त्या वर्षी होळी मार्चच्या उत्तरार्धात. बाहेर गेलेली कुटुंबं तेव्हा वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या शेतावर असतील. तिथे ती मोजली गेली नाहीत, तर कुठेच मोजली जाणार नाहीत. आपल्या गटातली कोणी जाणार असेल तर तिला आधीच सांगून ठेवा, की जिथे असाल तिथे मोजणीवाल्यांना नाव द्या, लेकरांचंही द्या.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. २०११ मध्ये आमच्याकडे मोजणीला आले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी सांगून टाकलं, "सुना काही करत नाहीत, घरीच असतात." त्याच सुना सकाळी निंदणाला आणि हिवाळाभर कापसाच्या वेच्याला जात होत्या. आम्ही दाराआड उभ्या होतो, काही बोललो नाही. २०११ च्या नियमात घरच्या शेतातलं बिनपगारी कामसुद्धा काम म्हणून धरलेलं होतं. म्हैस घरच्या दुधापुरती असली तरी तिचं कामही. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर सीमांतिक. स्वयंपाक आणि धुणंभांडी मात्र त्यात धरत नाहीत. आमचं शेतातलं काम नियमात बसत होतं, तरी कागदावर आलं नाही. रत्नागिरीच्या बायकांचं एकटीनं घर ओढणं जसं ११२२ या आकड्यात कोणी वाचलं नाही, तसंच.

म्हणून यंदा मोजणीवाल्या ताई-दादा आले की दाराआड राहू नका. ओसरीवर या. निंदण, वेचा, सोयाबीनची सोंगणी, म्हैस, शिवणकाम, पापड, जे करता ते स्वतःच्या तोंडाने सांगा. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकीने आपलं वर्षभराचं काम महिन्यावार लिहून काढावं. लिहिलेलं असलं की ऐनवेळी आठवावं लागत नाही.

त्या काकूंना आम्ही परत भेटून हे सगळं सांगितलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे आकडा पायला की इचारा लागते, माणसं गेली कुठी?"

एवढंच विचारायचं, मैत्रिणींनो.