गाडी गरम झाली की बंद का पडते?

पिशोरहून कन्नडला रोज कामावर जाणारे आमचे एक स्नेही आहेत. गवंडीकाम करतात. त्यांच्याजवळ २००३ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. ही गाडी म्हणजे त्यांची रोजी. सकाळी वेळेवर हजर नसले तर ठेकेदार दुसरा माणूस लावतो, आणि एस.टी.च्या वेळा काही गवंड्याच्या सोयीने ठरत नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर या गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची. आठ-दहा किलोमीटर झकास पळायची. मग मिसिंग मारू लागायची, आणि पिशोर खांडीच्या चढावर तर जीवच सोडायची. अर्धा तास झाडाखाली उभी केली की पुन्हा काही झालेच नाही अशी चालू! आठवड्यातून दोन खाडे पडू लागले.

पहिल्या मिस्त्रीने प्लग बदलला. दुसऱ्याने कार्बोरेटर धुतला. तिसऱ्याने सांगितले, इंजिनचे काम काढावे लागेल, रिंग-पिस्टन आणि बोअर, साडेसहा हजार रुपये. घरच्या बाई बचत गटात आहेत. गटाचा हिशोब आम्ही लिहितो, म्हणून कर्जाचा अर्ज लिहून घ्यायला त्या आमच्याकडे आल्या. अर्ज लिहिता लिहिता त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, इंजिन खराब असते तर सकाळी तरी कशी चालली असती?"

आमचा हात थांबला. आम्ही कारकून माणूस, पण प्रश्न बरोबर होता. रिंग झिजलेली गाडी बहुधा थंडपणीच कुरकुरते. किक हलकी लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जाते. इथे यातले एकही लक्षण नव्हते. मग इंजिन खोलायचे कशासाठी?

आम्ही त्यांना एक वही दिली. गाडी कुठे बंद पडली, किती किलोमीटरवर, टाकीत पेट्रोल किती होते, चढ होता की सपाटी, आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली, एवढेच आठवडाभर लिहायचे. वाळूजच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षे काढलेले आमचे मामा आहेत, त्यांना ती वही दाखवली. ते म्हणाले, पार्ट बदलण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा. बंद पडताना गाडीला पेट्रोल मिळत नाही की ठिणगी मिळत नाही? एवढे कळले की निम्मे काम झाले.

पेट्रोलची परीक्षा अगदी फुकट आहे. गाडी बंद पडली की लगेच टाकीचे झाकण उघडावे. झाकणाला बारीक भोक असते. पेट्रोल जसे कमी होते तशी हवा त्यातून आत जाते. ते भोक मळाने बुजले तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर रोग सापडला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गाडी गरम होऊन बंद पडली, पण खरा संबंध असतो चाललेल्या अंतराशी. आमची स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने टाकीला रेक्झिनचे नवे कव्हर चढवले आणि पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून झाकणावरून प्लास्टिकची पिशवी करकचून बांधली. तीन दिवस गाडी ढकलली. मिस्त्रीने पिशवी सोडली आणि पैसेही घेतले नाहीत, नुसता हसला.

झाकण निर्दोष निघाले तर कार्बोरेटरकडे येणारी नळी काढून कॉक उघडावा आणि धार बाटलीत धरावी. धार बारीक होत गेली तर कॉकच्या जाळीत गंज किंवा कचरा आहे. हे काम इंजिन थंड असताना, विडी-काडी दूर ठेवून करावे.

गाडी गरम असताना चोक ओढून पाहणेही उपयोगी पडते. चोकने गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावरचे रबर तडकले की असे होते. चोकने आणखी बिघडली आणि प्लग काजळीने काळा झाला असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. अशी गाडी थंडपणी चांगली चालते, कारण तेव्हा इंजिनला जास्त पेट्रोल हवेच असते. एअर फिल्टर कोंदलेला असतो किंवा चोक अर्धवट अडकलेला असतो.

टॅपेटचेही तसेच. व्हॉल्व्हची फट गरजेपेक्षा कमी ठेवली तर तापल्यावर धातू फुगतो, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाब निसटतो. फट नेहमी थंड इंजिनवर, कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे मोजायची. आवाज येतो म्हणून गॅरेजात टॅपेट घट्ट आवळून घेणारे आपल्याकडे फार आहेत. गाडी गप्प होते खरी, पण चढावर दम तोडते.

आमच्या स्नेह्यांच्या गाडीत यातले काही निघाले नाही. राहिली ठिणगी. त्यासाठी मामांनी जुना पण चालू प्लग डिकीत ठेवायला सांगितले. गाडी बंद पडली की प्लगची कॅप काढून या दुसऱ्या प्लगला लावायची, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवायचा आणि किक मारून पाहायची. इंजिनमधला प्लग तापलेला असताना खोलू नये, आटे खराब होतात. तो जागेवर असला म्हणजे पेट्रोलची वाफही बाहेर येत नाही. कॅप उघड्या हाताने धरू नये, चांगला झटका बसतो.

खांडीत उन्हात हा प्रयोग झाला. ठिणगी नव्हती. अर्ध्या तासाने त्याच जागी निळी, कडकडीत ठिणगी पडली. वहीत तसे लिहिले.

वडिलांच्या काळातल्या राजदूतला पॉइंट आणि कंडेन्सर असे. गरम झाल्यावर कंडेन्सर दगा देई, तो स्वस्तात बदलता येई. स्प्लेंडरसारख्या गाडीत पॉइंट नाहीत. मॅग्नेटोजवळ पल्सर नावाची लहान कॉइल असते, ती सी.डी.आय.च्या डबीला इशारा देते, आणि मग मोठी कॉइल ठिणगी पाडते. या कॉइलमध्ये केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन ती एखाद्या ठिकाणी तुटते. थंडपणी तुटलेली टोके टेकलेली राहतात, तापली की दूर होतात. म्हणून गाडी गॅरेजच्या दारात शहाण्यासारखी वागते आणि मिस्त्रीला दोष दिसतच नाही. त्याचा तरी काय दोष?

स्नेह्यांची भाची आय.टी.आय.त वीजतंत्रीचा कोर्स करते. तिने मीटर आणला. सकाळी थंड गाडीच्या पल्सरच्या वायरी सी.डी.आय.कडून सोडवून मोजल्या, मीटरने आकडा दाखवला. गाडी फिरवून, बंद पडू देऊन पुन्हा मोजल्या, तर मीटरच्या कोपऱ्यात नुसता १ उभा राहिला, म्हणजे तार तुटलेली. पोरीने दोनदा खात्री केली, मग मामाला म्हणाली, "पल्सर आणा, पिस्टन नको." नवी पल्सर कॉइल बसवणावळीसह सव्वाचारशे रुपयांत झाली.

जुन्या गाडीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते, आणि ते पाणी शोषते. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरमधले रबर या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. नळी चिकट किंवा कडक झाली असेल तर वेळीच बदलावी. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

नव्या कॉइलनंतर पहिल्याच रविवारी नवरा-बायको दोघे खांडी चढून आले, न थांबता. दुसऱ्या दिवशी बाईंनी गटाकडून अर्ज परत मागून घेतला. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर आता किलोमीटर आणि पेट्रोलचा हिशोब लिहिला जातो. अक्षर भाचीचे आहे.